घाटमाथ्यावर ठरलेली दैवे

तळेगावाहून चाकणास जाणाऱ्या रस्त्यावर दिवेलागणीच्या सुमारास वाहनांची जी कोंडी होते, तीत सापडलेल्या मनुष्यास पुढच्या कंटेनरची पाठ वाचीत बसण्याखेरीज दुसरा उद्योग उरत नाही. परवा अशाच एका कोंडीत माझ्या शेजारच्या ट्रेलरचा चालक खाली उतरला, टपरीवरचा चहा त्याने उभ्या उभ्या संपविला, आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली आपली कागदपत्रे, म्हणजे ई-वे बिल, बिल्टी आणि बंदराच्या फाटकाचा पास, तो पुन्हा एकवार चाळू लागला. माल न्हावाशेव्यास जायचा होता. "कागद पुरे असले म्हणजे गाडी कुणी अडवत नाही, काका," असे त्याने मला मोठ्या विश्वासाने सांगितले. गाडी तासाभरापासून जागची हलली नव्हती, ही गोष्ट निराळी.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी याच मालास कोकणच्या दर्यावरून जावयाचे असते, तर त्या पाकिटात आणखी एक कागद लागला असता. त्याचे नाव दस्तक, आणि ते देणाऱ्या पुरुषाचे नाव कान्होजी आंग्रे. हाच कंटेनर घेऊन मुंबई बंदराबाहेर पडणाऱ्या जहाजाला दक्षिणेच्या अंगास खांदेरीचे बेट दिसते, आणि त्या बेटाला १९९८ सालापासून कान्होजी आंग्रे द्वीप असे सरकारी नाव आहे. परंतु कान्होजींचा विचार करावयाचा तर खांदेरीपेक्षा आपले मावळच अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. कारण आरमारी सरदारांचे पराक्रम जरी पाण्यावर घडत असले, तरी त्यांचे दैव बहुधा जमिनीवर, आणि तेही समुद्र न पाहिलेल्या माणसांच्या मसलतीत ठरते. कान्होजींचे ठरले ते लोणावळ्याजवळ, आणि त्यांच्या मुलाचे अखेरचे दिवस देशावरच्या किल्ल्यांच्या कैदेत गेले.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील काळोसे गावच्या आंगरवाडीवरून ते आंग्रे म्हणवू लागले, असे घराण्याच्या हकिकतींत सांगितले जाते. म्हणजे ज्यांच्या नावाने इंग्रज, फिरंगी आणि वलंदेज यांच्या गलबतांवरील खलाशांची झोप उडे, ते कूळ मुळात घाटावरचे. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात चाकरीस होते. कान्होजी सुवर्णदुर्गाच्या पाण्यात वाढले, तेथेच नावारूपास आले, आणि १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजरांच्या मागे मराठ्यांच्या आरमाराची सूत्रे आणि 'सरखेल' हा किताब त्यांच्याकडे आला. या किताबाची एक गंमत आहे. 'खैल' म्हणजे घोड्यांचा कळप, घोडदळाची तुकडी. सरखेल म्हणजे तिचा म्होरक्या. दर्यावरच्या सर्वाधिकाऱ्याला देण्यासाठी दरबाराजवळ शब्द निघाला तो तबेल्यातला! घोड्यावर बसून राज्य मिळविलेल्या लोकांना समुद्रही रिकिबीत पाय ठेवूनच समजून घ्यावा लागला.

दस्तकाचा प्रकार थोडक्यात असा. ज्याचा मुलूख त्याची जकात, हा जमिनीवरचा न्याय कान्होजींनी पाण्याला लावला. कोकणच्या किनाऱ्याजवळून जाणाऱ्या व्यापारी तरांड्याने मोल देऊन दस्तक घ्यावे. ज्याच्याजवळ ते नसेल त्याला गुराब आणि गलबते घेरून बंदरात आणीत. यात अपूर्व असे काहीच नव्हते. पोर्तुगीज दोनशे वर्षे आपले कार्ताझ नावाचे परवाने याच रीतीने विकीत आले होते, आणि मुंबईकर इंग्रजही आपल्या आश्रयाच्या व्यापाऱ्यांना आपले परवाने देत होते. फरक एवढाच की पोर्तुगिजाने केली ती सत्ता ठरली, इंग्रजाने केला तो व्यापार ठरला, आणि मराठ्याने केली ती चाचेगिरी ठरली. हा शब्द इंग्रजी बखरकारांनी इतक्या चिकाटीने वापरला, की आमच्या काही विद्वानांनाही तो बरेच दिवस खरा वाटत असे.

गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचे, उथळ पाण्यात चालणारे, नाळेवर पुढच्या बाजूस तोफा बसविलेले जहाज; गलबत त्याहून लहान, वल्ह्यांनी हाकावयाचे. वारा पडला की युरोपियनांचे अवजड जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे जागच्या जागी डोलत राही, आणि मग वल्ह्यांवरची गलबते गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस आणून सोडीत, जेथे त्याच्या तोफा कमी असत. ही युक्ती साधी होती, आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा साधली. १७१२ साली मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची सशस्त्र नौका कान्होजींच्या हाती लागली. तीवरील कारवारचा वखारवाला चाऊन ठार झाला, आणि त्याची तरुण पत्नी तीस हजार रुपये दंड भरून सोडवावी लागली. पुढे बून नावाच्या गव्हर्नराने विजयदुर्गावर आणि खांदेरीवर मोहिमा काढल्या, त्या फसल्या. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी केली, तीत इंग्लंडच्या राजाचा कमोडोर टॉमस मॅथ्यूज जातीने हजर होता, तीही फसली. या मॅथ्यूजचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता १७१३ साल. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते आणि ताराबाईंच्या पक्षाशी त्यांचा राज्याचा वाद चालू होता. कान्होजी ताराबाईंच्या वेळेपासून त्या बाजूस होते. त्यांनी घाट चढून राजमाची घेतली, लोहगड घेतला, आणि साताऱ्यास त्यांची धास्ती वाटू लागली. शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस फौज देऊन पाठविले. पंतांचा पराभव झाला, आणि खुद्द पेशवा आरमारी सरदाराच्या कैदेत लोहगडावर जाऊन बसला.

लोहगडावर मी गेली अनेक वर्षे पावसाळा सरता सरता जातो. मळवलीस लोकलमधून उतरावे, भाजे गाव डावीकडे ठेवून खिंडीची वाट धरावी, आणि लोहगडवाडीपासून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक दरवाजे चढत जावे. दारांच्या वळणांत पायऱ्या अशा गुंडाळल्या आहेत की वरच्या पहारेकऱ्याला खालच्याचे डोके नेहमी दिसते आणि खालच्याला वरचा कधीच दिसत नाही. पश्चिमेकडे विंचूकाटा नावाची अरुंद सोंड डोंगरातून बाहेर निघाली आहे. तिच्या टोकाशी वारा इतका असतो की छत्री उघडणारा नवखा म्हणून तत्काळ ओळखू येतो. खाली पवनेचे धरण पसरलेले दिसते, ज्याचे पाणी आज पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. तीन शतकांपूर्वी तेथे धरण नव्हते, नदी होती. आणि राज्याचा मुख्य प्रधान कैदी होऊन या कड्यावरून साताऱ्याच्या दिशेकडे पाहत असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करण्यास विंचूकाट्याइतकी योग्य जागा नाही.

शाहूंनी मग बाळाजी विश्वनाथ भटांना पुढे केले. हे मूळचे श्रीवर्धनचे, कोकणची खाचाखोच आणि कान्होजींचा स्वभाव दोन्ही जाणणारे. सरखेलासारख्या मातब्बर सरदाराशी बोलावयाचे तर बरोबरीचा अधिकार पाहिजे, म्हणून नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळ मांजरीच्या मुक्कामी त्यांस पेशवाईची वस्त्रे मिळाली. पेशवाई भटांच्या घरात आली तिचे निमित्त हे असे एका आरमारवाल्याने घडविले, आणि पुढे चाळीस-बेचाळीस वर्षांनी त्याच घराने त्या आरमाराचा निकाल लावला. पण तो भाग पुढे येईल. लोणावळ्याच्या वळवणास उभयतांची भेट झाली आणि लढाईवाचून तह ठरला. कान्होजींनी शाहूंस रुजू व्हावे, बहिरोपंतांस सोडावे, राजमाचीखेरीज घाटावर घेतलेले किल्ले परत करावे; त्यांच्याकडे सरखेली कायम राहावी आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी यांचा सरंजाम चालावा. समुद्रावरच्या सत्तेचा हा करारनामा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर झाला. कान्होजींनी शब्द पाळला आणि शाहूंनीही. १७२९ साली कान्होजी वारले तेव्हा ते सरखेलच होते, आणि अलिबाग शहरात त्यांची समाधी आहे. ज्या दर्यावर्दी पुरुषाला अंथरुणावर, आपल्या मुलुखात आणि आपल्या किताबासह मरण आले, तो भाग्यवान समजावा.

राज्य दुभंगते तेव्हा आरमारी अधिकाऱ्यासमोर जो प्रश्न येतो तो जमिनीवरच्या सरदारापेक्षा बिकट असतो, कारण त्याच्या खालचे जहाज दोन वाटण्यांत तोडता येत नाही. हे पाहण्यास फार मागे जावयास नको. १९९१ साली युगोस्लाव्हिया मोडू लागला आणि क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील बंदरांवर त्याच राष्ट्राच्या नौदलाच्या तोफा वळल्या, तेव्हा एकाच शिस्तीत वाढलेले दोन अधिकारी दोन वाटांनी गेले. स्वेटो लेटिका हा जुन्या नौदलातील अॅडमिरल नव्या क्रोएशियन नौदलाचा पहिला सेनापती झाला. व्लादिमिर बारोविच हा रिअर अॅडमिरल मूळचा माँटेनेग्रोचा. क्रोएशियन शहरांवर मारा करणे त्याच्या मनास मानवले नाही, आणि त्या वर्षीच्या २९ सप्टेंबर रोजी व्हिस नावाच्या बेटावर त्याने आत्मघात केला. त्याच्यासाठी कोणी वळवणास तंबू ठोकून बसले नव्हते. मसलतीची वाट खुली राहणे हे केवढे भाग्य आहे, ते अशा वेळी कळते.

कान्होजींच्या मुलांची कथा सांगताना लेखणी जड होते. थोरला सेखोजी कर्ता होता, पण १७३३ मध्येच गेला. मग संभाजी आणि मानाजी या भावांत तेढ पडली; मानाजीने कुलाबा घेतला आणि तेथे असलेल्या येसाजी या भावाचे डोळे काढले. पहिल्या बाजीरावाने १७३५ साली दौलत वाटून दिली: संभाजीकडे सरखेली आणि दक्षिणेचे किल्ले, मानाजीकडे कुलाबा आणि 'वजारतमाब' हा नवा किताब. घर शांत झाले, असे दिसले. वास्तविक एक आरमार जाऊन दोन दुबळी आरमारे झाली, आणि पुण्यास ते सोयीचे होते. त्यातही संभाजीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'डर्बी' हे इंग्रजांचे मोठे व्यापारी जहाज पकडले. हात अजून बसले नव्हते. १७४२ साली तो वारला आणि सरखेली त्याचा भाऊ तुळाजी याच्याकडे आली.

तुळाजी शूर होता, आणि तितकाच हेकट होता. त्याचा कैवार घेणारे आजचे काही लेखक त्याच्या हेकटपणाचे वर्णन स्वाभिमान असे करतात. पण बापाला जी गोष्ट वळवणास उमगली, की पाण्यावरच्या सत्तेला जमिनीवर एक तरी मित्र पाहिजे, ती मुलाला उमगली नाही. त्याने पेशव्यांची खंडणी तोडली, शेजारच्या मराठी सरदारांचा मुलूख छळला आणि सर्वांशी एकाच वेळी वैर मांडले. आणि नानासाहेब पेशव्यांनी जे केले ते त्याहून चुकीचे केले. घरचा वाद मिटविण्यास त्यांनी इंग्रजांना बोलाविले. मार्च १७५५ मध्ये तह झाला. एप्रिलच्या आरंभी कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन राजाचे आरमार घेऊन, आणि क्लाइव्ह पायदळ घेऊन, विजयदुर्गापुढे उभे राहिले.

विजयदुर्गाच्या खाडीच्या बाजूस उभे राहिले म्हणजे त्या दिवशी काय झाले ते समजण्यास पुस्तक लागत नाही. खाडी वळणाची आणि निवाऱ्याची. तीत तुळाजीची जहाजे एकमेकांना दोरखंडांनी बांधून दाटीने उभी होती. त्यांत 'रिस्टोरेशन' हे पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले जहाजही होते. वॉटसनच्या तोफेचा एक कुलपी गोळा नेमका त्याच जहाजावर पडला, ते पेटले, आणि दोरखंडांवरून आग एका गुराबेवरून दुसरीवर जात जात आंग्र्यांनी पन्नास वर्षे जमविलेले आरमार अंधार पडेतो बहुतेक जळून गेले. तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हता. तो पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव यांच्या छावणीत तहाचे बोलणे करावयास गेला होता, आणि किल्ला मराठ्यांच्याच हाती जाईल या भीतीने क्लाइव्हने छावणी आणि किल्ला यांच्या मध्ये आपले पायदळ आणून उभे केले. १३ फेब्रुवारीला निशाण उतरले. आत सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मित्र म्हणून बरोबर आलेल्या पेशव्यांच्या वाट्यास आला तो तुळाजी.

पुढच्या आयुष्यात त्याने समुद्र पाहिला नाही. पेशव्यांच्या किल्ल्यांतून त्याची कैद फिरत राहिली. तिच्या हकिकतींत साताऱ्याकडचा वंदन येतो, सोलापूर येते, आणि त्याचा शेवट कैदेतच झाला. बारा-चौदा वर्षांनी त्याचे दोन मुलगे निसटले. ते कोठे गेले असतील? मुंबईस, इंग्रजांच्या आश्रयास. ज्यांनी घर जाळले त्यांच्याच ओटीवर येऊन बसावे लागले, कारण ज्यांनी घर जाळविले ते स्वकीय होते.

जिंकणाऱ्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. वॉटसन विजयदुर्गाहून बंगालकडे गेला, प्लासीच्या वर्षी कलकत्त्यास तापाने मेला, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याचे भव्य स्मारक उभे राहिले. जेम्स विलायतेस परतला, कंपनीच्या संचालकांचा अध्यक्ष झाला, सर विल्यम झाला, आणि १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने लंडनजवळच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी मनोरा बांधला, त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग'. हा आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेने चावून चावून असा झालेला. आणि कुलाब्याहून हात हलवीत गेलेला मॅथ्यूज? तो पुढे अॅडमिरल झाला, १७४४ मध्ये तुलाँ येथे फ्रेंच व स्पॅनिश आरमारांशी लढला, ती लढाई त्याने पुढे होऊन लढली, त्याचा दुय्यम अधिकारी मागे रेंगाळत राहिला. आणि लष्करी न्यायालयाने रेंगाळणाऱ्यास सोडले व मॅथ्यूजला नोकरीतून काढले. दरबार सगळीकडे सारखेच.

विजयदुर्गावर पेशव्यांनी पुढे आनंदराव धुळपांना आरमाराचे सुभेदार नेमले. धुळप मोठे कर्तबगार. एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीच्या पाण्यात त्यांनी इंग्रजांचे 'रेंजर' आणि त्याच्या सोबतची गलबते पकडली, त्यांवर इंग्रजी फौजेचे बडे अधिकारी होते, आणि त्यांपैकी कर्नल हंबरस्टन याला झालेली जखम प्राणांतिक ठरली. दैवाचा फेरा असा की सालबाईचा तह आधीच झाला होता आणि त्याची वार्ता दर्यावर पोहोचली नव्हती. जिंकलेली गलबते परत देण्याची पाळी आली. १८१८ मध्ये पेशवाईबरोबर विजयदुर्गही गेला. कुलाब्याच्या आंग्र्यांचे संस्थान आणखी काही वर्षे तगले. वारस उरला नाही म्हणून कंपनीने १८४० साली ते खालसा केले. तोफेचा एक बारही न उडता, केवळ एका दप्तरी शेऱ्याने!

स्वतंत्र भारतातही, दर्यावरचे दैव जमिनीवर ठरण्याचा हा धागा तुटलेला नाही. १९६५ च्या युद्धात भास्कर सोमण हे मराठी गृहस्थ नौदलाचे प्रमुख होते. पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. पण नौदलाने पोरबंदरच्या अक्षांशापलीकडे उत्तरेस जाऊ नये, असा दिल्लीचा लेखी हुकूम होता, आणि सोमणांना तो मोडता आला नाही. सहाच वर्षांनी दैव फिरले. १९७१ मध्ये मनोहर आवटी यांनी 'कामोर्ता' ही युद्धनौका बंगालच्या उपसागरात चालविली, वीरचक्र मिळविले, पुढे ते पश्चिम नौदलाचे सेनापती झाले. सेवानिवृत्त होऊन ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहिले, समुद्रापासून दूर, कमी पावसाच्या मुलुखात. तेथे बसून त्यांनी एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला. दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या नौकेतून २००९-१० मध्ये ती पुरी केली. आवटी २०१८ साली वारले.

वळवणास आता टाटांच्या वीजनिर्मितीचा तलाव आहे. लोणावळ्याच्याच परिसरात 'आयएनएस शिवाजी' हे नौदलाच्या अभियंत्यांचे विद्यालय आहे. ते १९४५ च्या फेब्रुवारीत स्थापन झाले, म्हणजे हे नाव ठेवले ते इंग्रजांनी. तेथे जहाजांची इंजिने शिकविली जातात आणि दृष्टीच्या टप्प्यात समुद्र नाही. जुलैच्या धुक्यात कवायतीवरून परतणारी तरुण पोरे मी रस्त्याच्या कडेने धावताना पाहिली आहेत, बूट चिखलाने भरलेले, मागून ओरडणारा उस्ताद. धुके क्षणभर फाटले तेव्हा पलीकडच्या बाजूस राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसले, तहात कान्होजींनी तेवढी एक हातची सोडली नव्हती ती. एका पोराने थांबून तिकडे पाहिले, आणि उस्तादाच्या शिव्या खात तो पुन्हा रांगेत मिसळला.